अण्णांच्या छापखान्याच्या वहीतले शब्द – ताव, दस्ता, फर्मा, डिग्री, घोटीव... कुणी अर्थ सांगेल का?

सेलूची_लेक

नमस्कार सगळ्यांना. आमचा सेलूला छोटा छापखाना होता, अण्णांनी साठच्या दशकात टाकलेला, एक ट्रेडल मशीन (पायानं चालवायचं छपाईचं), कटिंगचं मशीन आणि खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या सुट्या धातूच्या अक्षरांच्या, खणाखणांच्या केसा. लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, दुकानदारांची बिलबुकं, हँडबिलं असलं काम चालायचं. नंतर कॉम्प्युटरवर मजकूर जुळवायचं डीटीपी आलं आणि काम बंद पडलं, अण्णा गेले त्यालाही आता बारा वर्षं झाली. सामान सगळं मागच्या खोलीत तसंच होतं. आता घर बांधायला काढायचंय म्हणून ती खोली मोकळी करायलोत, भंगारवाला येऊन बघूनही गेला, खिळे तो शिसं म्हणून किलोवर घेतो म्हणतोय.

आवरताना अण्णांची एक वही सापडली. कामाच्या नोंदी आहेत त्यात, त्यांच्याच अक्षरात. लहानपणी हे शब्द रोज कानावर पडायचे पण अर्थ कधी विचारला नाही, आता विचारायला माणूस नाही. मी ठरवलंय की सामानाचं काय व्हायचं ते होवो पण त्याआधी या वहीतल्या प्रत्येक शब्दासमोर त्याचा अर्थ लिहून ठेवायचा. काही नोंदी जशाच्या तशा देतेय:

"भजनं – १००० – डे. १/८ – ४ फ. – ४ री. ४ द. – १८.६"

"फर्निचर, लेड ५ पौंड, क्वाड कमी" (हे वाचून मला वाटलं होतं छापखान्यासाठी खुर्च्या-टेबल घेतले असतील, पण पुढं लेड आणि क्वाड काय?)

"ग्रेट अखंड १० पौंड, पायका डिग्री आहे ते चालवणे"

"फुलस्केप २ द. शाळा"

आणि अजून एक. कपाटात एका लाल कापडात आजोबांच्या वेळचे काही मोडीतले कागद आणि एक हाताने लिहिलेली पोथी आहे. त्यावर अण्णांनी चिठ्ठी लावलीय: "घोटीव दौलताबादी. खळ उडाली आहे. पाणी लावू नये." पोथीत मधे मधे ओळींवर पिवळे डाग आहेत, रंग सांडल्यासारखे नाहीत, कुणीतरी मुद्दाम लावल्यासारखे. ते काय असेल?

जेवढं माहितीय तेवढं सांगा, एका शब्दाचा अर्थ सांगितला तरी चालेल.

---

खिळे_जुळवणारा_नांदेड

ताई, तुमची पोस्ट वाचून गलबलून आलं. मी नांदेडला सतरा वर्षं कंपोझिटर होतो, खिळेच जुळवत होतो, नंतर कॉम्प्युटर शिकलो. पहिली विनंती, खिळे लगेच देऊ नका, निदान एक केस ठेवा. आणि हात लावला की साबणानं धुवा, जेवायच्या आधी तर नक्कीच, त्यात शिसं असतंय. शिसं, अँटिमनी आणि थोडी कथील असा तो धातू. नुसतं शिसं मऊ पडतं, दाबाखाली अक्षराचे कोपरे बसतात, अँटिमनीनं त्याला कडकपणा येतो.

आता फर्निचर. खुर्च्या नाहीत. मजकूर जुळवून झाला की तो लोखंडी चौकटीत बांधायचा असतो, त्या चौकटीला चेस म्हणतात. मजकूर आणि चौकट यांच्यामधी जी रिकामी जागा राहते ती भरायला लाकडाचे नाहीतर धातूचे ठराविक मापाचे तुकडे लागतात, ते फर्निचर. लेड म्हणजे दोन ओळींच्या मधी घालायची शिशाची पातळ पट्टी. आज कॉम्प्युटरवर लेडिंग वाढव कमी कर म्हणतात ना, तो शब्द याच पट्टीवरून आलाय. क्वाड म्हणजे कोरा खिळा, अक्षरापेक्षा बुटका, त्याला शाई लागत नाही म्हणून कागदावर तिथं मोकळी जागा दिसते. कविता, भजनं छापायची म्हणलं की क्वाड लई लागतात कारण ओळ अर्ध्यात संपते आणि उरलेली सगळी जागा क्वाडनंच भरावी लागते, मोकळी सोडली तर चौकट उचलताच ओळ ढासळते. म्हणून अण्णांनी "क्वाड कमी" लिहिलंय, भजनांच्याच कामाच्या वेळची नोंद असणार ती.

ग्रेट आणि पायका ही खिळ्यांच्या आकाराची नावं. पायका म्हणजे १२ पॉइंट, पुस्तकाच्या मजकुराला. ग्रेट त्याच्याहून मोठा, पोथ्यांना, लहान मुलांच्या पुस्तकांना, पत्रिकेतल्या नावांना. ही नावं विलायतेतून आली आणि आपल्या खिळ्यांना चिकटली.

अखंड आणि डिग्री हे मात्र आपल्या लिपीचं दुखणं आणि त्याचं औषध. इंग्रजी अक्षरं एकामागं एक ओळीत बसतात, विषय संपला. आपल्यात अक्षराच्या डोक्यावर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार आणि पायाखाली उकार. डिग्री टाइपमधी अक्षर वेगळं, वरचं चिन्ह वेगळं, खालचं वेगळं, असे तीन थर जुळवायचे. खिळ्यांचे प्रकार कमी लागायचे पण वेळ जायचा, आणि बारीक तुकडे मोडायचे, सरकायचे. जुन्या छपाईत मात्रा अक्षरापासून फटकून उभी दिसते बघा, ती यानंच. अखंडमधी चिन्हासकट अक्षर एकाच खिळ्यावर ओतलेलं. छाप देखणी येते पण मग "कि" वेगळा, "कु" वेगळा, "के" वेगळा, केसेत घरं, म्हणजे खण, किती ठेवायची? इंग्रजीचं दोन केसांत भागतं, वरच्या केसेत कॅपिटल आणि खालच्या केसेत लहान अक्षरं, म्हणून तर अप्परकेस लोअरकेस म्हणतात. आपल्याला त्याच्या कितीतरी पट घरं लागायची. कोणत्या घरात काय आहे ते न बघता हात जायचा, डोळा मजकुरावर. आजही मला झोपेत विचारलं तर "स्त्र" कुठं होता ते हात दाखवतो.

तेव्हा "ग्रेट अखंड १० पौंड, पायका डिग्री आहे ते चालवणे" म्हणजे मोठ्या अक्षराला नवा चांगला खिळा मागवला आणि बारक्याला जुनंच डिग्री चालवून घेतलं. पैसे जपून खर्च करणाऱ्या माणसाची नोंद आहे ही, पण पत्रिकेवरलं नाव मात्र सुबक आलं पाहिजे हा हट्ट त्यात दिसतो.

मराठी खिळ्याला वळण लावायचं मोठं काम मुंबईत झालं. जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना १८६९ चा. त्यांचं वळण एवढं नावाजलेलं की चांगल्या खिळ्याला लोक निर्णयसागरी म्हणायचे.

---

लातूर_ऑफसेट

काकांनी खिळ्यांचं सांगितलं, मी कागदाचं सांगतो. माझा लातूरला ऑफसेट छापखाना आहे, वडिलांपासूनचा.

ताव म्हणजे कागदाचं एक पूर्ण पान, न कापलेलं. दस्ता म्हणजे तावांचा छोटा गठ्ठा, रीम म्हणजे मोठा. डे. म्हणजे डेमी, तावाचं माप, १८ बाय २३ इंच. त्याच्या दुप्पट डबल डेमी, २३ बाय ३६. १/८ म्हणजे डेमी तावाचे आठ भाग, म्हणजे साधारण साडेपाच बाय साडेआठचं पुस्तक, कडा कापल्यावर. कथा-कादंबरीचं नेहमीचं माप. फ. म्हणजे फर्मा. एका तावावर दोन्ही बाजू मिळून जेवढी पानं बसतात तो एक फर्मा, डेमी १/८ ला आठ पानं म्हणजे सोळा पृष्ठं. आजही लेखक विचारतो पुस्तक किती पानांचं झालं, आणि आम्ही सांगतो किती फर्म्यांचं झालं, कारण खर्च फर्म्यावर ठरतो. ६४ पृष्ठांचं असेल तर ४ फर्मे. तुमचं भजनाचं पुस्तक ६४ पृष्ठांचं होतं, लिहून ठेवा.

१८.६ हे वजन. ५८.५ सेंमी गुणिले ९१ सेंमी गुणिले जीएसएम भागिले २०००० केलं की रिमेचं किलोत वजन येतं. ७० जीएसएम घालून बघा, १८.६ येतं. म्हणजे डबल डेमी मापाचा ७० जीएसएम कागद. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, तो शब्द रुळायच्या आधी दुकानात "अठरा सहा द्या", "सोळाचा द्या" असंच मागायचे, सोळा म्हणजे त्याच मापात ६० चा. माझे वडील अजूनही कागद चिमटीत धरून सांगतात सोळाचा आहे का अठरा सहाचा, आणि चुकत नाहीत.

भजनाच्या पुस्तकाला ७० चा कागद लावलाय म्हणजे चांगला लावलाय ताई. रोज हाताळायचं पुस्तक, पातळ कागदावर मागची छपाई पुढं दिसते.

आता हिशोब बघा, मजा आहे. डबल डेमीच्या एका तावातून डेमीचे दोन ताव निघतात. एका प्रतीला ४ फर्मे म्हणजे डबल डेमीचे २ ताव. १००० प्रतींना २००० ताव. ५०० ची रीम धरली तर बरोबर ४ रीम. वरचे ४ दस्ते खराबीसाठी. पुस्तक छापायला घेतलं की मशीन लावताना, शाई जुळवताना, उलटी बाजू छापताना ताव वाया जातात, त्याला आधीच जास्तीचा कागद धरावा लागतो. दस्ता २५ चा धरला तर ४ दस्ते म्हणजे १०० ताव, २००० वर बरोबर ५ टक्के. आम्ही आजही लहान कामाला एवढीच धरतो.

---

खिळे_जुळवणारा_नांदेड

दादा बाकी सगळं कबूल पण दस्ता २५ चा नाही, २४ चा. आमच्याकडं कायम २४ तावांचा दस्ता आणि २० दस्त्यांची रीम, म्हणजे ४८०. २५ मी कधी ऐकला नाही.

---

लातूर_ऑफसेट

काका, २४ चा दस्ता मीही ऐकलाय, पण या हिशोबात ४८० ची रीम बसत नाही. ४ रीम ४ दस्ते म्हणजे ८४ दस्ते, गुणिले २४, म्हणजे २०१६ ताव. खराबीला फक्त १६ उरतात. आणि १८.६ वजन सुद्धा ५०० तावांवरच येतं, ४८० वर ते १७.९ भरेल.

---

खिळे_जुळवणारा_नांदेड

थांबा, करून बघतो. ताई, अण्णांचं ट्रेडल केवढं होतं? १२ बाय १८ असेल तर एका वेळी चारच पृष्ठं बसतात. म्हणजे डबल डेमीच्या तावाचे चार तुकडे करायचे, साडेअकरा बाय अठराचे, आणि एकेका तुकड्याच्या एका बाजूला चार पृष्ठं, दुसऱ्या बाजूला चार. ६४ पृष्ठांना असे आठ वेगवेगळे तुकडे. १६ ताव जादा म्हणजे ६४ तुकडे, आठांत वाटले तर प्रत्येकाला ८. नाही, ८ मधी भागत नाही. चौकट मशीनवर चढवल्यावर कुठं छाप फिकी, कुठं खोल, ती सारखी करायला मागं कागदाचे कपटे लावावे लागतात, त्या मेकरेडीतच दहा-पंधरा जातात. तुमचं बरोबर, रीम ५०० चीच असणार. पण दस्ता मी २४ चाच म्हणणार.

आणि ताई, या हिशोबातून अजून एक निघतं. आठ तुकडे, दोन बाजू, हजार प्रती. म्हणजे त्या एका पुस्तकासाठी मशीन १६ हजार वेळा उघडलं आणि मिटलं. प्रत्येक वेळी उजव्या हातानं कोरा कागद घालायचा, डाव्या हातानं छापलेला काढायचा, मशीन थांबत नाही, हातानंच वेळ सांभाळायची. मोटर असली तरी लाइट गेली की पायानं. आणि चार पृष्ठं छापून झाली की ते खिळे सोडवून, धुऊन, एकेक करून परत आपापल्या घरात टाकायचे कारण पुढच्या चार पृष्ठांना तेच खिळे लागतात, लहान छापखान्यात सगळं पुस्तक एकदम उभं राहील एवढे खिळे नसायचेच. जुळवायला जेवढा वेळ तेवढाच जवळपास परत टाकायला.

---

सेलूची_लेक

काका, १२ बाय १८ चंच आहे, आत्ता टेप लावून चौकट मोजली. १६ हजार वाचून मी थोडा वेळ तिथंच बसले. त्यांच्या उजव्या खांद्याचं दुखणं आम्ही कायम म्हातारपणाचं समजत होतो.

---

बीडचे_गुरुजी

फुलस्केपचं मी सांगतो, शाळेत आयुष्य गेलं. "फुलस्केप २ द. शाळा" म्हणजे परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचा नाहीतर अर्जांचा कागद. साडेआठ बाय साडेतेरा इंच, ए फोरपेक्षा लांब. आम्ही कितीतरी वर्षं समजत होतो की फुल म्हणजे पूर्ण मापाचा कागद. तसं नाही. युरोपात जुन्या काळी या कागदात विदूषकाच्या टोपीचं जलचिन्ह असायचं, इंग्रजीत विदूषकाला फूल म्हणतात आणि त्याच्या टोपीवरून हे नाव पडलं. चिन्ह गेलं, नाव मापाला चिकटलं आणि आमच्या बीडच्या स्टेशनरी दुकानापर्यंत आलं. आता सरकारी कामाला सगळीकडे ए फोर झालाय, पोरांना फुलस्केप सांगितला तर कळत नाही.

जलचिन्ह म्हणजे ओल्या लगद्यावर दाबून उठवलेली आकृती, तिथं कागद किंचित पातळ होतो म्हणून उजेडात धरल्यावर दिसते. स्टॅम्पपेपरवर असते तीच.

---

मोडीवाली_संभाजीनगर

ताई, लाल कापडातल्या कागदांसाठी लिहितेय, म्हणून जरा सविस्तर. मी मोडी वाचते, गेल्या दोन-तीन वर्षांत जुन्या नोंदी शोधायला लोक गाठोडी घेऊन यायलेत, त्यामुळे असे कागद रोज हाताखालून जातात.

सगळ्यात आधी ते पिवळे डाग. बोटाला थुंकी लावून ती पोथी उलटू नका, लहान मुलांना देऊ नका. ती हरताळ असण्याची शक्यता फार मोठी आहे. हरताळ म्हणजे पिवळं खनिज, त्यात आर्सेनिक असतं, म्हणजे विषच. पोथी लिहिताना चूक झाली की लेखनिक त्या अक्षरांवर हरताळीचा लेप द्यायचे, वाळला की त्यावर पुन्हा लिहायचे. आपण म्हणतो ना, नियमाला हरताळ फासला, सगळ्या कष्टावर हरताळ फासली, ते इथून आलंय. तुमच्या पोथीत डाग ओळींवरच आहेत, समासात नाहीत, म्हणूनच मला तसं वाटतं. हात धुऊन टाका एवढंच, घाबरायचं कारण नाही, पोथीला त्यानं काही होत नाही, उलट किडे दूर राहतात.

आता "घोटीव दौलताबादी". आपल्या देवगिरी किल्ल्याच्या पायथ्यापासून खुलताबादकडं जाताना कागजीपुरा लागतो. महंमद तुघलकानं १३२७ मधे राजधानी दिल्लीहून देवगिरीला आणली, दौलताबाद नाव दिलं, त्या काळात कागद करणारे कागजी लोक इथं आले असं तिथं पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. हाताने कागद करायचं काम तिथं अजून चालतं. दौलताबादी आणि जुन्नरी ही दोन नावं पेशवाईत कागदाच्या जातीची नावं झाली होती, जसं आज आपण पैठणी म्हणतो तसं.

करायची रीत साधी वाटते पण सगळा खेळ हाताचा. जुने दोर, ताग, गोणपाट, चिंध्या भिजवून, चुन्यात मुरवून, कुटून त्याचा लगदा करायचा, तो हौदात पाण्यात सोडायचा. लाकडी साच्यावर गवताच्या काड्यांची बारीक चटई असते, ती साच्यासकट पाण्यात बुडवून वर उचलायची, पाणी गळून जातं आणि चटईवर लगद्याचा पातळ थर राहतो, तो म्हणजे ताव. उचलताना जो झोल द्यायचा त्यावर कागद सगळीकडे सारखा होतो का नाही ते ठरतं. मग ते ताव एकावर एक रचून पाणी दाबून काढायचं आणि भिंतीवर चिकटवून वाळवायचे.

असा वाळलेला कागद शाई पितो, अक्षर फुटतं. म्हणून त्याला खळ द्यायची, आपण धोतराला, सुती साडीला देतो तीच, पिठाची. आणि खळ वाळली की दगडानं, नाहीतर शंख-कवडीसारख्या गुळगुळीत वस्तूनं घासून घासून चकाकी आणायची, याला घोटणं म्हणतात. म्हणून घोटीव. मोडी भरभर लिहायची लिपी, बोरू उचलायचाच नाही, कागद खरबरीत असेल तर बोरू अडकणार. घोटीव कागदाशिवाय मोडीचा तो वेग शक्य नव्हता असं मला कागद बघून बघून वाटायलंय.

"खळ उडाली आहे, पाणी लावू नये" हे अण्णांनी फार नेमकं लिहिलंय. पाणी लागलं की खळ विरघळते, चकाकी जाते, शाई पसरते. आणि कसर नावाचा तो चंदेरी किडा याच खळीसाठी कागद खातो. खळ उडालेला कागद घडीवर तुटतो, तेव्हा जुनी घडी उलटी मोडू नका, प्लास्टिकच्या पिशवीत किंवा लॅमिनेशनमधे तर अजिबात घालू नका, आत ओल धरते. तेच लाल सुती कापड चांगलं. पेशवे दफ्तर पुण्याला असंच कापडाच्या गाठोड्यांत बांधून ठेवलंय, त्या गाठोड्याला रुमाल म्हणतात. आपण लग्नाचा बस्ता बांधतो, तो बस्ता म्हणजे फारसीत बांधलेलं, आणि दुकानदारांच्या हिशोबाच्या वह्यांच्या गाठोड्यालाही बस्ताच म्हणायचे.

दौलताबादीच आहे का ते खात्रीनं मी कागद न बघता सांगणार नाही पण हाताचा कागद ओळखायची खूण सांगते. ताव खिडकीच्या उजेडात धरा. काड्यांच्या बारीक, थोड्या वाकड्या-तिकड्या समांतर रेषा दिसतील, मधेच न कुटलेला धागा दिसेल. विलायती कागदात रेषा असल्या तरी आखल्यासारख्या सरळ असतात.

वरचा दस्त्याचा वाद वाचला. दस्त म्हणजे फारसीत हात. दस्तखत, दस्तऐवज, सगळे त्याच घरचे. दस्ता म्हणजे एका हातात मावेल एवढा गठ्ठा. रीम हा शब्द इंग्रजी वाटतो पण तो मुळात अरबी, रिझ्मा म्हणजे गाठोडं, स्पेनमार्गे युरोपात गेला आणि इंग्रजांबरोबर आपल्याकडे परत आला.

---

परभणी_डीटीपी

एक विचारायचं होतं, आमच्या घरी आजोबांची उर्दू पुस्तकं आहेत, निजामाच्या काळातली. ती छापलेली आहेत पण अक्षर हाताने लिहिल्यासारखं वाटतं, खिळ्यांचं वाटत नाही. ते काय असतं?

---

मोडीवाली_संभाजीनगर

ती शिळाछाप. विशिष्ट चुनखडीच्या दगडावर तेलकट शाईनं लिहायचं, दगड ओला करायचा, मग छपाईची शाई फिरवायची. ओल्या जागेवर शाई बसत नाही, तेलकट अक्षरावर बसते. १७९६ च्या सुमारास जर्मनीत सेनेफेल्डर यानं हे शोधलं. उर्दूचं नस्तालिक अक्षर तिरकं उतरत जातं, ते खिळ्यांत बसवणं फार अवघड, म्हणून कातिब, म्हणजे सुंदर अक्षर काढणारा लेखनिक, हाताने लिहायचा आणि त्यावरून दगडावर उतरवून छापायचे. मराठीतही गणपत कृष्णाजींनी मुंबईत १८३१ साली पंचांग काढलं ते शिळाछापच होतं.

---

लातूर_ऑफसेट

आणि परभणीकर, आपलं ऑफसेट पण त्याच तत्त्वावर चालतं, दगडाच्या जागी ॲल्युमिनियमची प्लेट आली एवढंच. पाणी आणि तेलकट शाई एकमेकांत मिसळत नाहीत, आजही आमचं अर्धं भांडण त्या पाण्याशीच असतं. एप्रिल-मे मधे लातूरची हवा एवढी कोरडी होते की कागद कडेनं वळतो, एक रंग छापून दुसरा छापायला घ्यावा तर माप बदललेलं असतं, रंगावर रंग बसत नाही. आणि नेमका तोच लग्नपत्रिकांचा सीझन. आम्ही कागद आदल्या रात्री मशीनच्या खोलीत आणून ठेवतो, कागदाला खोलीची हवा लागू द्यावी लागते. ताईंच्या अण्णांनी सेलूत हे सगळं अंदाजावर केलं असणार.

---

सेलूची_लेक

सगळ्यांचे खूप आभार, मी हे सगळं वहीत त्या त्या शब्दासमोर लिहून काढलंय, तुमच्या गावांच्या नावासकट.

मोडीच्या कागदाला खिडकीत धरून बघितलं. रेषा आहेत. वाकड्या-तिकड्याच आहेत. एका ठिकाणी तर दोऱ्याचा अख्खा तुकडा तसाच राहिलाय कागदात.

आणि दस्त्याचं. काल मागच्या खोलीतलं वरचं फळीचं कपाट उघडलं, त्यात कोऱ्या कागदाचे सुतळीनं बांधलेले गठ्ठे होते, पिवळे पडलेले. आठ गठ्ठे. एक सोडून मोजला, २४. माझ्या हातून चूक झाली असेल म्हणून भाच्याला मोजायला लावला, २४. अजून दोन मोजले, तेही २४. शेजारीच रिमेचं फाटलेलं वेष्टण होतं, त्यावर ५०० शीट छापलंय. म्हणजे नांदेडचे काका पण बरोबर आणि लातूरचे दादा पण बरोबर. रीम ५०० ची यायची, अण्णा तिचे २४ चे दस्ते बांधायचे, २० दस्ते होऊन वर २० ताव उरायचे. मग भजनाच्या पुस्तकाला ९६ ताव खराबीचे, १०० नाही. पण ते प्रत्येक रिमेतले वरचे २० कशाला ठेवत असतील, ते मला कळलं नाही.

---

खिळे_जुळवणारा_नांदेड

प्रूफ, म्हणजे चुका तपासायची छाप, काढायला असतील ताई. आमच्याकडं तेच करायचे. चांगला कागद प्रूफला वापरायला मालक तयार नसतो, मग रिमेतून जे सुटे उरतात ते कापून प्रूफच्या खणात. गिऱ्हाइकानं चुका दाखवल्या, खिळे बदलले, परत प्रूफ. एका पत्रिकेला तीन-चार तरी जायचे. तपासून झालेले प्रूफ एका बाजूनं कोरेच असतात, ते कुणी टाकत नसे.

---

सेलूची_लेक

काका, मी बाराखडी त्याच कागदांवर गिरवलीय. पाटी फुटली की अण्णा ते आणून द्यायचे, मागच्या बाजूला कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका आणि त्यावर लाल पेन्सिलच्या खुणा. आईनं त्यातले काही जपून ठेवलेत, आत्ता विचारलं तर ट्रंकेतून काढून दिले. एकावर माझा "अ" आहे आणि पलीकडं अण्णांनी "चि. सौ. कां." मधल्या "सौ" च्या वरच्या मात्रेला गोल केलाय, बाजूला लिहिलंय, "तुटका आहे, बदल."

खिळे देत नाहीये. भंगारवाल्याला तसा निरोप दिला.